सासूबाई म्हणतात, नखं काढा नाहीतर मांजर सोडून या

या वेळचं पत्र आपल्या इंदूरचंच आहे, रामबागेतलं. लांबलचक होतं म्हणून थोडक्यात देतेय.

"मावशी, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई आणि ८१ वर्षांच्या आजेसासूबाई. आमची बुंदी दीड वर्षाची आहे, देशी, पावसाळ्यात जिन्याखाली भिजलेली सापडली होती. नसबंदी झालीये, घराबाहेर जात नाही. आत्ता सोफ्याला नवं कापड लावलं, क्लॉथ मार्केटमधून चांगलं जाड विणीचं आणलं होतं, त्याची एक बाजू बुंदीने पार उसवली. ते एकवेळ चाललं असतं पण मागच्या आठवड्यात आजींच्या मांडीवरून उडी मारताना त्यांच्या हातावर लांब ओरखडा उठला, रक्त आलं, आजींना डायबिटीस आहे. आम्ही लगेच हळद लावली. सासूबाईंनी सांगून टाकलं की नखं तरी काढा नाहीतर मांजर सोडून या. यांच्या ऑफिसात कोणीतरी म्हणालं की नखं कायमची काढायचं ऑपरेशन असतं. मी आपल्या नेलकटरने कापायला गेले तर ती मला चावली आणि दोन दिवस पलंगाखालून निघाली नाही. ऑपरेशन करून टाकावं का? ऑनलाइन नखांना लावायच्या प्लॅस्टिकच्या टोप्याही दिसल्या, त्या कशा असतात?"

अगं, नखांचं नंतर बोलू, आधी आजींचा हात. बुंदीला रेबीजची लस दिलीये का हे तू कुठेच लिहिलं नाहीस, आणि घरातली मांजर म्हणून लोक हे विसरतातच. रक्त आलेला ओरखडा म्हणजे डॉक्टरला दाखवायचाच, आठवडा झाला असला तरी आज जा, उशीर झाला म्हणून काही उपयोग नाही असं मनात आणू नकोस. आणि तुला स्वतःला चावली ते तू एका ओळीत उडवून लावलंस! दात लागला असेल तर तूही आजींबरोबर जा. मांजरीचा दात बारीक असतो, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं पण आत खोल जातो आणि तो भाग एक-दोन दिवसात सुजून लाल होतो, त्याला अँटिबायोटिक लागू शकतं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यातही मिळते. मांजर दहा दिवस नीट खाती-पिती राहिली तर पुढच्या इंजेक्शनांचं काय करायचं ते डॉक्टर बघतील, पण सुरुवात करायला दहा दिवस थांबायचं नसतं.

पुढे कधी ओरखडा आला तर हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही. नळाखाली हात धरायचा, साबण लावायचा आणि घड्याळ बघून १५ मिनिटं धुवायचं, मग बीटाडीन. पंधरा मिनिटं फार वाटतात पण रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, म्हणून ते धुणं निम्मं औषधच आहे. आजींच्या बाबतीत आणखी एक लक्ष ठेव, दोन-तीन आठवड्यांत ताप आला किंवा काखेत, कोपराजवळ गाठ सुजली तर डॉक्टरला आवर्जून सांग की मांजरीने ओरबाडलं होतं. मांजरीच्या अंगावर पिसवा असल्या की त्यांची घाण नखांत जाते आणि त्यातून बार्टोनेला नावाचे जंतू आपल्यात येतात. बहुतेक वेळा आपोआप बरं होतं पण वय झालेल्या, शुगर असलेल्या माणसाला त्रास होऊ शकतो. म्हणजे बुंदीच्या पिसवांचं औषध आणि तिची रेबीजची लस, दर वर्षी, हे आजींसाठीच आहे असं समज.

आता ऑपरेशन. नको. अजिबात नको, आणि का नको ते सांगते म्हणजे तुला घरात बोलता येईल. आपलं नख मांसावर बसलेलं असतं, मांजरीचं तसं नाही, ते बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवतं. म्हणून नुसतं नख काढताच येत नाही, ते हाडच सांध्यातून तोडावं लागतं. पुढच्या दोन पायांची दहा बोटं, म्हणजे आपल्या दहा बोटांची नखाकडची पेरं छाटून टाकल्यासारखं. आणि मांजर त्याच बोटांवर चालते, पूर्ण तळवा टेकून नाही, त्यामुळे तिचं सगळं वजन जन्मभर त्या कापलेल्या टोकांवर पडतं. पुढे पाठ दुखते, चाल बदलते, तिच्या शू-शीच्या ट्रेमधली वाळू पायाला टोचते म्हणून ती गादीवर, पायपुसण्यावर शू करायला लागते. नख नाही म्हटल्यावर स्वतःला वाचवायला दातच उरतात, मग चावणं वाढतं. आता सांग, आजींच्या हातावर ओरखडा परवडला की चावा? युरोपातल्या देशांनी १९८७ च्या करारातच हे ऑपरेशन चुकीचं ठरवलं, इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली, अमेरिकेत, जिथे हे सर्रास व्हायचं, तिथे न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये बंद केलं. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव तोडून त्याला अपंग करणं गुन्हा आहे. नखाच्या बोटात गाठ झाली, हाड सडलं अशा वेळी डॉक्टर एखादं बोट काढतात, ती गोष्ट वेगळी. सोफ्यासाठी बोटं कापायची नसतात गं. ऑफिसमधल्या त्या माणसाला हे माहीत नसेल, बहुतेकांना माहीत नसतं, त्यांना वाटतं आपण नखं कापतो तसंच काहीतरी जरा मोठं असेल.

बुंदी सोफा का फाडते हे कळलं की अर्धं काम होतं. ती रागाने करत नाही आणि नव्या कापडाशी तिचं काही वैर नाही. मांजरीच्या नखाची वरची जुनी साल सुटत असते, खाली नवं टोकदार नख तयार असतं, ती साल काढायला तिला कशाततरी नख रुतवून ओढावं लागतं (झाडू मारताना तुला चंद्रकोरीसारखे पोकळ तुकडे सापडत असतील, ते नख तुटलेलं नसतं, ती साल असते, घाबरू नकोस). दुसरं म्हणजे झोपेतून उठल्यावर पाठ, खांदे ताणायला तिला कुठेतरी पंजे अडकवावे लागतात. आणि तिसरं, पंजाच्या गाद्यांमध्ये वासाच्या ग्रंथी असतात, ओरबाडलं की तिथे तिचा वास लागतो, म्हणजे हे माझं घर आहे असं ती सांगते. म्हणून ती मागच्या खोलीतलं जुनं कपाट सोडून बैठकीतला, सगळे बसतात तो सोफा निवडते. आणि तुम्ही कापड घेतलंत ते जाड विणीचं, नख मस्त रुततं त्यात. ओरडलं, पाणी उडवलं, वर्तमानपत्र आपटलं तर ती थांबणार नाही, फक्त तुझ्यासमोर करायचं थांबेल आणि तुला बघून पळायला लागेल.

तिला ओरबाडायला खांब दे. ऑनलाइन मिळतात त्यातले बरेचसे दीड फुटाचे आणि हलके असतात, मांजर अंग टाकते, खांब डुगडुगतो, आणि एकदा का तो तिच्या अंगावर कलला की परत ती त्याला हात लावत नाही. मग लोक म्हणतात आमच्या मांजरीला खांब आवडतच नाही. मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणता आलं पाहिजे, म्हणजे अडीच ते तीन फूट उंची हवी, आणि तसूभर हलता कामा नये. घरी करणं सोपं आहे. चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घे, त्यात वाळू भरून वरून झाकण लाव, खाली दीड फूट बाय दीड फूट जाड प्लाय किंवा कोटा फरशीचा तुकडा, प्लंबर नाहीतर सुतार अर्ध्या तासात घट्ट बसवून देईल. दोर सियागंजात मिळून जाईल, सिसलचा (घायपाताच्या धाग्याचा) मिळाला तर उत्तम, नाहीतर तागाची जाड सुतळी किंवा काथ्याचा दोर, फक्त तेलाचा, रॉकेलचा वास येत नाही ना ते हुंगून घे आणि नायलॉनचा नको, त्यात नख अडकतं. आठ एमएमचा दोर अडीच फूट उंच गुंडाळायला पस्तीसेक मीटर लागतो, लोक दहा मीटर आणतात आणि परत जातात म्हणून आधीच सांगते. वर-खाली पाइपाला भोक पाडून दोराचं टोक आत घेऊन गाठ मारायची, खिळे ठोकायचे नाहीत, पंजात जातील. आरा मशीनवरून सालासकट ओंडका मिळाला तर तोही छान, पण घरात वाळवी नको म्हणून आधी कडक उन्हात वाळवून घ्या.

काही मांजरींना उभं नाही तर आडवं आवडतं, पायपुसणं ओरबाडणाऱ्या असतात त्या. त्यांच्यासाठी गव्हाच्या पोत्याचं बारदान फळीला ताणून बांधायचं किंवा खोक्याचा जाड गत्ता जमिनीवर टाकायचा. बुंदी सोफ्याची बाजू धरते म्हणजे तिला उभंच हवंय असं दिसतं.

आणि खांब ठेवायचा कुठे, तर बाल्कनीच्या कोपऱ्यात नाही, त्या फाटलेल्या बाजूला अगदी चिकटून. सासूबाईंना दिसायला बरं वाटणार नाही, मला कळतंय, पण महिना-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. तोपर्यंत सोफ्याच्या त्या बाजूला दोन्हीकडून चिकटणारी टेप लाव नाहीतर गुळगुळीत प्लॅस्टिकची शीट ताणून बसव, पंजाला चिकटलं किंवा नख रुतलंच नाही की तिला मजा येत नाही आणि शेजारी खांब आहेच. खांबावर थोडं कॅटनिप चोळ (मांजरींना ज्याचा वास आवडतो ती वाळलेली वनस्पती, काही मांजरींना त्याचं काही वाटत नाही, तसं झालं तर सोडून दे), दोरीला बांधलेलं खेळणं खांबावरून वर ने म्हणजे पकडताना तिचे पंजे आपोआप दोरात जातील. तिचे पंजे धरून खांबावर घासू नकोस, त्याने ती बिथरते. सवय पक्की झाली की मग रोज वीत-वीतभर सरकवत खांब हवा तिथे न्यायचा. पुढच्या वेळी सोफ्याचं कापड बदलशील तेव्हा मखमलीसारखं, बारीक घट्ट विणीचं घे, त्यात नख कमी अडकतं.

आता नखं कापणं, कारण आजींसाठी खरा फरक याने पडणार आहे. टोक बोथट असलं की उडी मारताना घसरलं तरी कातडी फाटत नाही. म्हाताऱ्या माणसांची कातडी फार पातळ होते, बुंदीने मुद्दाम काहीच केलेलं नाही, तिने फक्त उडीसाठी जोर घेतला. नखं कापून होईपर्यंत आजींच्या मांडीवर जाड शाल किंवा घडी घातलेली सोलापुरी चादर ठेवत जा, म्हणजे मांजरीलाही मांडी बंद होणार नाही आणि आजींनाही. एरवी जी मांजर बाहेर फिरते तिची नखं मी कापू देत नाही, कुत्रं मागे लागलं तर भिंतीवर, झाडावर चढायला तीच कामी येतात, पण बुंदी घरातच असते तर कापायला काही हरकत नाही.

तुझं काय झालं असणार ते सांगते. आपलं नेलकटर चपटं दाबतं, मांजरीचं नख दोन बाजूंनी दाबलेलं, वाकडं असतं, त्यामुळे ते कापलं जायच्या आधी चिरडतं, चिरतं, आणि तिला दुखतं. पेट शॉपमध्ये छोट्या कात्रीसारखं, पात्याला खाच असलेलं कटर मिळतं, ते आण. पण कटर आणल्या आणल्या वापरायचं नाहीये! तिला आत्ता हात धरला की पुढे काय होतं ते पाठ झालंय, ते पुसायला वेळ द्यावा लागेल. पहिला आठवडा नुसता पंजा हातात घ्यायचा, सोडायचा, खाऊ द्यायचा. ती जेवून सुस्तावलेली असते तेव्हाच. मग पंजा धरून बोटाला वरून अंगठ्याने आणि खालच्या गादीवर बोटाने अलगद दाबायचं, नख बाहेर येतं, बघायचं, सोडायचं, खाऊ. मग कटर शेजारी ठेवायचं, तिला हुंगू दे, खाऊ. कच्ची शेवई कटरने कापून तो टक आवाज तिच्याजवळ होऊ दे, परत खाऊ. हे सगळं रोज दोन-तीन मिनिटांचं काम आहे, ती हात ओढून घेते तिथे थांबायचं. खाऊ म्हणजे तिला जीव टाकावासा वाटेल असा, उकडलेल्या चिकनचा कण नाहीतर ट्यूबमध्ये मिळते ती मांजरीची पेस्ट, आणि तो फक्त याच वेळी द्यायचा, इतर वेळी डबा बंद. तुमच्याकडे मांसाहार शिजत नसेल तर पेस्टची ट्यूब सोयीची, स्वयंपाकघरात न्यावी लागत नाही.

मग एक दिवस एकच नख. तिला मांडीवर घे, तोंड तुझ्याकडे नाही, पुढे. उजेडात बस, खिडकीशी. नख बाहेर काढलंस की आत गुलाबी भाग दिसेल, त्यात रक्तवाहिनी आणि नस असते, तिथे कटर लागलं की दुखतं आणि रक्त येतं. पुढचा वाकडा, पांढरा, पारदर्शक भाग आहे त्याचं फक्त टोक काढायचं, एक-दोन मिलिमीटर, गुलाबीपासून लांब राहून. एखादं नख काळपट असेल आणि आतलं दिसत नसेल तर मागून मोबाइलचा टॉर्च धर, तरी नाही दिसलं तर नुसती सुईसारखी अणी घे, पुरे. कटर आडवं धरलं की नख चिरतं, वर-खाली कापेल असं धर. एका बैठकीत एकच नख झालं तरी काही बिघडत नाही, दहा दिवसांत पुढचे दोन पाय होतात. मांजरीला एकूण अठरा नखं असतात, पुढे पाच-पाच, मागे चार-चार, मागची सहसा कापावी लागत नाहीत, पण आजींच्या मांडीवरून उडी मारताना जोर मागच्या पायांवर येतो म्हणून बुंदीची मागचीही टोकं हळूहळू घे. पुढच्या पायाला आतल्या बाजूला, थोडं वर, अंगठ्यासारखं नख असतं ते विसरू नकोस, ते जमिनीला टेकत नाही, खांबावरही फारसं घासलं जात नाही, आणि वाढत वाढत गोल वळून गादीत घुसतं. दर दोन-तीन आठवड्यांनी परत बघायचं. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत किंवा घरात पाहुणे भरलेले असताना हे काम काढू नकोस.

टॉवेलमध्ये गुंडाळून, दोघांनी दाबून धरून एकदाच सगळी उडवायची हा प्रकार बरेच जण करतात, डॉक्टरकडे कधी गरज पडते, पण घरी नको, पुढच्या वेळी ती टॉवेल बघूनच पळेल. मानेचं कातडं धरून उचलायचंही नाही.

चुकून रक्त आलंच तर गडबड करू नका. कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर दाबून दोन-तीन मिनिटं धर, थांबतं. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर. पण दोन गोष्टी आपल्या प्रत्येक घरात असतात आणि त्या मांजरीच्या जवळही न्यायच्या नाहीत. एक डेटॉल, आपण जखम दिसली की डेटॉलचा कापूस घेतो, मांजरीला ते विषारी आहे, ती पंजा चाटते आणि ते पोटात जातं. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवायचं, बस. दुसरी पॅरासिटामॉल, क्रोसिन, डोलो, काहीही नाव असो. मांजरीच्या लिव्हरला ते पचवता येत नाही, एका गोळीने मांजर मरते. लंगडतेय, दुखत असेल बिचारीला म्हणून प्रेमापोटी अर्धी गोळी दिली आणि मांजर गेली असं होतं, म्हणून हे घरात सगळ्यांना सांगून ठेव, आजींनासुद्धा.

बोट सुजलं, पू किंवा वास आला, नख मुळापासून तुटलं, एकच पंजा सारखा चाटतेय, एकाच वेळी बरीच नखं ठिसूळ झाली तर घरी काही न करता दाखवून यायचं. जवळचा डॉक्टर मांजरी फारशा बघत नसेल तर महूचं व्हेटर्नरी कॉलेज आहेच, पंचवीसेक किलोमीटर पडतं. कुठेही पहिल्यांदा जाशील तेव्हा डॉक्टरला सांग, नखं कापायची कशी ते मला माझ्या हाताने एकदा करून दाखवा, चांगले डॉक्टर आनंदाने दाखवतात.

सासूबाईंचं मला पटतं बरं का, ज्या घरात ८१ वर्षांचं माणूस आहे तिथे हातातून रक्त आलेलं बघून कोणीही हेच म्हणेल. त्यांच्याशी सोफ्यावरून वाद घालू नकोस, आजींवरून बोल. लस, पिसवांचं औषध आणि बोथट नखं ही तिन्ही कामं महिन्याभरात मी करते, तोवर तिला राहू द्या, असं सांग आणि खरंच कर, लशीचं कार्ड फ्रिजवर लावून ठेव त्यांना दिसेल असं. घरातल्या सवयीच्या मांजरीला कॉलनीबाहेर नेऊन सोडणं म्हणजे तिला मारणंच आहे, तिला रस्ता, कुत्री, गाड्या काही माहीत नाही, आणि कायद्यानेही पाळलेलं जनावर असं टाकता येत नाही, हेही त्यांना शांतपणे सांग, त्यांना वाटत असेल मांजर काय, कुठेही जगते.

राहता राहिल्या त्या टोप्या. त्या गोंदाने नखावर चिकटवतात, चार ते सहा आठवड्यांत नखाच्या सालीबरोबर गळतात आणि मग परत चिकटवायच्या. लावायच्या आधी नखं कापावीच लागतात, म्हणजे जे तुला आत्ता जमत नाहीये तेच आधी जमवावं लागणार. शिवाय टोपीने नख नीट आत जात नाही, बऱ्याच मांजरी त्या चावून काढतात, गिळतातही. डॉक्टरने आजींसाठी काही काळ सुचवल्या तर लाव, नाहीतर तेवढ्या पैशात दोर आण.